ढोरे सरांची फुकटातली शाळा

प्रशिक्षणाला शिक्षक जमले की शिकणं थोडं आणि किस्से फार. चहाची किटली यायच्या आत कोणीतरी खुर्ची सरकवतं, "अन् आमच्या शाळेत काय झालं, आइका," म्हणतं, आणि दुपारचं सत्र गेलंच समजा. माझ्याकडेही पुष्कळ साठलेत. फक्त माझे सगळे एकाच माणसाचे आहेत, आमच्या ढोरे सरांचे. आणि हल्ली ते सांगताना मला पहिल्यासारखं हसू येत नाही.

मंगरूळपीरहून आत, डांबरी रस्ता सोडल्यावर, वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी. शिक्षक दोघंच, ढोरे सर आणि मी. लोकांना वाटतं सरांना मोबाईलचं वेड आहे. वेड बिड काही नाही हो. दिवाळी झाली की वस्तीवरची अर्धी घरं ऊसतोडीला जातात, पोरंही सोबत जातात. परत येतात तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, आणि मग काही जण शाळेत येतच नाहीत. चौथीतल्या पायलची मोठी बहीण अशीच सुटली. पायल तिच्यापेक्षाही हुशार. "मॅडम, हिले तशी सुटू देनार नाही," सर म्हणाले, आणि नेटवर शिक्षकांसाठी फुकट जे जे मिळतं ते शोधायला लागले.

*

आता फुकट असलं तरी ते उतरवून घ्यायला रेंज लागते. आमच्याकडे रेंज म्हणजे हापशीजवळ एक काडी, तीही आभाळ स्वच्छ असलं तर. म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर मंगरूळपीरच्या बसस्टँडवर जाऊन बसायचे. तिथे रेंज झकास. बाकावर बसून गोष्टींची पुस्तकं, व्हिडिओ, गणिताचे खेळ, सगळं डाउनलोड करायचे. समोरून त्यांच्या गावची गाडी लागायची आणि निघून जायची.

स्टँडवरचा कंट्रोलर भला माणूस. एकदा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सरचं घरी काही भांडन गिंडन आहे काय? गाडी लागते, सुटते, अन् मानूस काही घरी जात नाही."

मी हा किस्सा हसत हसत सरांच्या बायकोला सांगितला. ती हसली नाही. "काय चुकलं त्या कंट्रोलरचं?" एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

*

सरांनी एक ॲप शोधून काढलं. पाठाचा व्हिडिओ करून देणारं. फुकट, पण प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव तिरकं, फिकट, इंग्रजीत येणार. पैसे भरले तरच ते जातं.

शाळेच्या टीव्हीवर व्हिडिओ लावला की पोरं वहीत उतरवून घ्यायची. महिनाअखेरी मी वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तेच नाव. तिरकं. फिकट दिसावं म्हणून पेन्सिल आडवी धरून लिहिलेलं! तिसरीतल्या ज्या पोराला स्वतःचं नाव इंग्रजीत येत नाही, त्यानंही एक अक्षर चुकवलं नव्हतं.

"हे कायले लिवलं रे?" मी विचारलं.

"सरनं लिवलं होतं ना टीव्हीवर."

पोरांचं काय चुकलं? फळ्यावर असेल ते सगळं उतरवायचं, हे आम्हीच शिकवलेलं. सर कितीतरी वेळ त्या वह्या चाळत बसले. म्हणाले, "मॅडम, मी जे शिकवतो थे येत नाही पोरायले, अन् हे न शिकवता आलं."

*

मग कविता वाचून दाखवणारं ॲप आलं. मजकूर टाकला की कॉम्प्युटरमधली बाई मराठीत वाचते. उच्चार शुद्ध, माझ्यापेक्षा शुद्ध. सरांनी पावसाची कविता लावली. बाईनं ती सगळी एका सुरात वाचली, कुठे चढ नाही, उतार नाही, थांबणं नाही.

पोरं अगदी गप्प. सरांना वाटलं, रंगली. तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी माझा पदर धरून म्हणाली, "मॅडम, या बाईचं कोनी मेलं काय?"

त्या दिवसापासून कविता सर स्वतः म्हणायला लागले. सूर कसाही लागो, पोरं नाचतात तरी.

*

एक किस्सा तर सांगूच नये असा आहे. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्या भागातल्या शाळा बघणारे साहेब. त्यांचा निरोप आला, मुलं व्हिडिओवर शिकत असल्याचा फोटो दुपारपर्यंत ग्रुपवर टाका. आणि नेमकी लाईट गेलेली. सर म्हणाले, उद्या टाकू. साहेब म्हणाले, आजच.

मग पोरांना बंद टीव्हीसमोर बसवलं. "तिकडं पाहा अन् हासा," सर म्हणाले. पोरं हसली. आज्ञाधारक हो आमची पोरं. एकानं फक्त विचारलं, "सर, आज काहून बंदच पाह्यचा?"

त्या फोटोला ग्रुपवर जेवढे अंगठे पडले तेवढे सरांच्या एकाही पाठाला पडले नाहीत. सरांनी तो नंतर स्वतःच्या मोबाईलमधून पुसून टाकला.

*

दिवाळी झाली, आणि पायलचं घर ऊसतोडीला गेलं. सरांनी आधीच तिच्या बापाचा नंबर घेऊन ठेवला होता. रोज एक छोटा व्हिडिओ पाठवायचे. बापाला सांगून ठेवलेलं, पोरीले दाखवजा. व्हिडिओ पाहिल्याची निळी खूण आली की सर शाळाभर मोबाईल दाखवत फिरायचे. "पाह्यला पाहा मॅडम, पायलनं पाह्यला."

एक दिवस त्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

बाप खुशीत होता. "सर, बम मस्त शिकवता तुमी! थो दिवस-रातीचा पाठ लय आवडला मले. सूर्य नाही फिरत म्हने, आपनच फिरतो. म्या उसाच्या फडात समद्यायले सांगतलं. थे म्हनतात, आपन तं फिरतोच, त्यात नवीन काय?"

सर हसले. मग म्हणाले, "अन् पायलले समजलं काय?"

"पायल कुठं पाह्यते सर? थे तिकडं कोपीवर, झोपडीत, लहान्याले सांभाळते. मोबाईल माह्या खिशात. संध्याकाळी येतो तं बॅटरी मेलेली राह्यते."

इतके दिवस सर त्या बापालाच शिकवत होते. मला फार वाईट वाटलं. व्हिडिओ फुकट, ॲप फुकट, पुस्तकं फुकट, आणि त्या पोरीच्या हाती दिवसातून थोडा वेळ एक मोबाईल येईल, एवढं काही आम्हाला जमलं नव्हतं. सर व्हिडिओ मात्र पाठवतच राहिले.

*

शेवटी कार्डांचं सांगते. हेही फुकटच. प्रत्येक पोराच्या नावाचं एक कार्ड, त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, आणि चार बाजूंना चार उत्तरांची अक्षरं. प्रश्न विचारला की पोरानं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. सरांनी वर्गावरून मोबाईल फिरवला की कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, ते टीव्हीवर नावासकट दिसतं. ज्याचं कार्ड दिसलं नाही त्याचं नाव कोरंच राहतं.

केंद्रप्रमुख साहेब भेटीला आले तेव्हा चौथीला अपूर्णांक चालू होते. सरांनी प्रश्न टाकला, मोबाईल फिरवला. टीव्हीवर एकेक नाव भरत गेलं आणि सगळीच भरली. एकही कोरं राहिलं नाही.

"वा, सगळे हजर," साहेब म्हणाले. मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं. अर्धी बस्करं रिकामी.

आमचंही तेव्हा लक्ष गेलं. प्रत्येक पोरानं दोन्ही हात वर केले होते. एका हातात स्वतःचं कार्ड, दुसऱ्या हातात ऊसतोडीला गेलेल्या दोस्ताचं.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, त्यायचं नाव रोज कोरं राह्यते," पुढच्या रांगेतली ऋतुजा म्हणाली. पायलची ती जिवाभावाची मैत्रीण. "चांगलं नाही दिसत."

सरांनी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं. ऋतुजाच्या नावापुढे बरोबरची खूण होती. पायलच्या नावापुढे चूक.

"ऋतुजा," सरांनी विचारलं, "दोन्ही कार्डं तुह्याच हातात. तुले उत्तर येते. मंग पायलचं काहून चुकवलं?"

ऋतुजानं हात खाली घेतले नाहीत.

"तुमी हे शिकवलं तवा ती इथी होती कुठं, सर?"