दोघींचं कलम

माझ्या दुकानावर 'सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' अशी पाटी आहे, त्यामुळे सर्व प्रकारची माणसं माझं डोकं खायला येतात. टायपिंगचा क्लास बंद पडून जमाना झाला, तरी लोक मला मास्तरच म्हणतात. कुरकुर करणं हा माझा स्वभाव आहे, तो लपवत नाही. पण त्या दोघी जावा आल्या की मी मुकाट्याने खुर्ची पुढे करायचो. खुर्ची एकच. थोरली धाकटीला बसवायची आणि स्वतः दाराला टेकून उभी राहायची.

दोघी रोपवाटिकेत कलमं बांधायच्या. चौदा वर्षं, एकाच बाकावर. धाकटी चाकूने रोपाच्या खुंटाला चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी तासून त्यात बसवायची आणि मान वर न करता डावीकडे धरायची. डावीकडे थोरली. ती प्लास्टिकची पट्टी अशी ओढून गुंडाळायची की आत वाऱ्याला शिरायला फट राहायची नाही. बाकीच्या बायका कापणं आणि बांधणं दोन्ही आपापलं करायच्या. या दोघींत मात्र धाकटीने कधी पट्टीला हात लावला नाही आणि थोरलीने चाकूला. मालक म्हणायचा, यांच्यातल्या एकीला ताप आला की मला दोघींची रजा मांडावी लागते.

धाकटीच्या नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी नर्सिंग शिकत होती, आणि पैशांअभावी पुढच्या वर्षी ते शिक्षण अर्ध्यावर थांबणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणीच नव्हतं. मध्यंतरी एक एजंट येऊन गेला. पर्यटक म्हणून परदेशात जा, तिकडे कामाला चिकटा, कोण विचारतंय, असं त्याचं म्हणणं. थोरलीने त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात आली. परदेशातल्या मोठ्या रोपवाटिका हंगामापुरती माणसं रीतसर बोलावतात, असं तिच्या कानावर आलं होतं.

"सरळ वाटेने जाता येतं का तेवढं बघा, मास्तर. माझी जाऊ तिकडे कुणाला घाबरून लपत बसायची नाही."

मी शोधलं. सहा महिन्यांचं काम, सहा महिन्यांचा परवाना, राहायची सोय. वय मात्र पंचेचाळीसच्या आत हवं होतं. थोरली बावन्न वर्षांची.

"मी कुठे म्हटलं मला जायचंय?" ती म्हणाली, आणि तो विषय तिने तिथेच मिटवला.

सोळा पानांचा फॉर्म होता. 'आपली कौशल्ये' असा रकाना आला तेव्हा धाकटी म्हणाली, "लिहा, कापते." मी म्हटलं, "बाई, नुसतं एवढंच लिहिलं तर परवान्याऐवजी पोलीस येतील." थोरली इतकी हसली की तिला दाराची चौकट धरावी लागली. दाखले, तपासण्या, फोटो, सगळं झालं. मग उत्तर आलं: व्हिडिओवर मुलाखत होईल, उमेदवाराने अर्ध्या तासात दहा कलमं एकटीने करून दाखवावीत.

एकटीने. तो शब्द मी दोनदा वाचून दाखवला.

मग महिनाभर थोरलीने तिला बांधायला शिकवलं. सुट्टीच्या दिवशी दोघी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायच्या. धाकटी बांधायची, थोरली बोटाने दाबून बघायची, "ढिलं" म्हणायची आणि सोडून टाकायची. पुन्हा. पुन्हा. एकदा धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "जाऊबाई, मला घालवून द्यायची एवढी घाई झालीय का तुम्हाला?" थोरलीने नवी पट्टी काढून तिच्या हातात दिली. मी आत उगाच कागदांची चवड सारखी करत बसलो होतो.

मुलाखतीला दुकानाचं शटर अर्धं ओढलं. टेबलावर दहा रोपं, समोर संगणक. पडद्यावर चष्मा लावलेली एक शांत बाई. मी दुभाष्या. थोरली धीर द्यायला म्हणून डावीकडे स्टुलावर बसली होती, आणि तिला तिथे बसू देणं हा माझा गाढवपणा.

पहिली तीन कलमं धाकटीने झकास केली. मग हात लयीत आला. चौथं कापलं, काडी बसवली, आणि मान वर न करता डावीकडे धरलं. थोरलीने ते घेतलं आणि बांधलं. पाचवंही. सहावंही. दोघींच्या ध्यानात आलं नाही, आणि खरं सांगतो, माझ्याही नाही. त्या दोघी तशाच काम करतात, त्यात बघण्यासारखं काय?

पडद्यावरची बाई म्हणाली, "मला चार हात दिसत आहेत."

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. मी मनात एक छानशी थाप जुळवायला घेतली होती. थोरलीने मला रोखलं. "खरं काय ते सांगा, मास्तर. थाप मारून गेली, तर तिकडे तिचं कोण बांधून देणार?"

मी सगळं सांगितलं, चौदा वर्षांसकट. बाईने चष्मा काढून पुसला. परवा पुन्हा घेऊ, म्हणाली, पण खोलीत दुभाष्याशिवाय दुसरं कोणी नको.

ठरल्या दिवशी थोरली आपणहून रस्त्यापलीकडे जाऊन बसली, दुकानाकडे पाठ करून. धाकटीचा हात दोनदा डावीकडे गेला आणि दोनदा माघारी आला. दहावं कलम झालं तेव्हा घड्याळात दोन मिनिटं उरली होती. आठवड्याने निवडीचं पत्र आलं. ती गेली, राजरोस, परवाना पर्समध्ये घेऊन.

महिन्याभराने थोरली व्हिडिओ कॉल लावून घ्यायला दुकानात आली. फोन मीच धरला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं, तरी तिने हात पदराखालून बाहेर काढले नाहीत.

"हात दाखवा," धाकटी म्हणाली.

"कशाला गं?"

"दाखवा म्हणते ना."

दाखवले. तीन बोटांना चिकटपट्ट्या.

"चाकू घेतलात? तुम्ही?"

"शिकतेय."

"या वयात? अहो, मालकांनी दुसरी कापणारी दिली असती."

"देत होता. बाई बरी होती. मीच नको म्हटलं."

"का?"

थोरलीने हात पुन्हा पदराखाली घेतले. असलं काही बोलायची तिला सवय नव्हती.

"दोन्ही कामं मला जमली, तर बाकावर कुणाला बसवायला लागत नाही," ती म्हणाली. "तू येईपर्यंत तुझी जागा रिकामी राहते."