जागलीवरची माणसं

मला वाट पाहता येत नाही. बस थोडी उशिरा आली तरी मी स्टँडवर येरझारा घालते. आणि शिकवते काय, तर संख्याशास्त्र, जिथं घाई केली की हमखास तोंडावर पडायला होतं.

त्या वर्षी धान लोंबीवर आलं होतं, तेव्हा चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजकडे आरोग्य खात्याकडून एक काम आलं. सावली तालुक्यातली दोन गावं. एक वैनगंगेच्या काठी, दुसरं जंगलाला लागून. हिवतापाचं रक्त जागेवर तपासून गोळ्या देणारी आरोग्यसेविका एकच, आणि ती नदीकाठच्या गावात बसायची. जंगलाकडच्या गावात तापाचं प्रमाण खरंच जास्त निघालं, तर तिला तिकडे हलवणार होते. ते गाव माझं माहेर. हे मी खात्याच्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते हसले. "आकडे काय माहेर-सासर पाहतात का, मॅडम?"

पाहणी करणारी पोरं दोन्ही गावांत घरोघर फिरली, घरच्या माणसांची बोटं टोचून आली. माझं काम सरळ होतं. दोन्हीकडची प्रमाणं काढायची, त्यांतला फरक घ्यायचा आणि तेवढा फरक निव्वळ योगायोगानं पडू शकतो का, ते तपासायचं. उत्तर आलं आणि माझं डोकंच फिरलं. जंगलाकडचं प्रमाण उलट थोडं कमीच होतं. लहानपणापासून तापानं कुडकुडणारी माणसं पाहिलेली मी, आणि माझंच गणित मला सांगत होतं की तसं काही नाही. मी पुन्हा पुन्हा आकडे घातले. उत्तर काही बदलेना.

रविवारी तडक गाव गाठलं. आईला विचारलं, "बाबांचं रक्त घेतलं का गं त्या पोरांनी?"

"थे कुठी घरी हायेत? जागलीवर हायेत न."

"मग तू किती माणसं सांगितलीस?"

"दोन. मी आन तुही वहिनी. भाऊबी तुहा पल्याडच्या जागलीवर. त्याईनं इचारलं घरी किती जन हाये, मी सांगतलं."

आमच्याकडे लोंबी भरली की रानडुकरांच्या भीतीनं पुरुषमाणूस रात्रीच्या राखणीला, जागलीला, धानाच्या शेतातच म्हणजे बांधीत राहायला जातो. मचाण तिथंच, जेवणही तिथंच पोचतं. कापणी होईपर्यंत घरची बाई त्याला घरच्या माणसांत मोजतच नाही. कोणी खोटं बोललं नव्हतं. पण रात्रभर ज्यांना डास फोडून खातात, नेमकी तीच माणसं माझ्या अपूर्णांकात वरही नव्हती आणि खालीही नव्हती. नमुना कितीही मोठा घेतला असता, तरी ती आत आली नसती.

आईबरोबर बांधीवर गेले, तर बाबा मचाणाखाली भर उन्हात घोंगडी गुंडाळून पडलेले. मी ओरडलेच त्यांच्यावर. भावाच्या गाडीवर बसवून सावलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. हिवतापच निघाला. गोळ्या घेतल्या, बरे झाले आणि कोणाचं न ऐकता परत मचाणावर गेले.

मी साहेबांकडे हट्ट धरला की जागलीवरच्यांचीही तपासणी करा. ते म्हणाले, "करू. पण मग दोन्ही गावांत."

बरोबरच होतं. पोरांना मी हेच शिकवते की तुलना करायची तर दोन्हीकडे एकच माप लावा. तरी त्या क्षणी मला त्यांचा राग आला. नदीकाठच्या बांध्यांवर कोणी सापडू नये, अशी चक्क इच्छा झाली. आकडे येईपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही.

तिकडेही माणसं सापडली. काही धानाच्या राखणीला, काही मासे धरायला नदीच्या रेतीवर जाळ्यांपाशी झोपणारी. दोन्ही प्रमाणं चढली. फरक आता माझ्या गावाकडे झुकत होता, पण इतका थोडा, की तो योगायोगानंही पडला असता. दोन्ही गावं सारखी आहेत असं त्यातून सिद्ध होत नव्हतं. माझं गाव जास्त तापलेलं आहे, असं म्हणायला मात्र आधार उरला नव्हता. मी तसंच लिहिलं, आणि दोन्ही गावांना एकेक सेविका हवी, असंही लिहिलं.

"दुसरी आणू कुठून?" साहेब म्हणाले. "आणि फरकच नाही, तर आहे तिला हलवायचं कशासाठी?" सेविका नदीकाठीच राहिली.

कापणीच्या तोंडावर आईचा फोन आला. "थे बाई आपल्या गावात कधी येते व?"

"नाही येणार, आई. दोन्ही गावांत ताप जवळपास सारखाच निघाला."

"सारखा?" तिचा आवाज चढला. "कोनं काढला सारखा?"

"मीच."

मग म्हणाली, "तुह्या बाबाले पाहाटपासून पुन्हा थंडी भरली हाये. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजून राह्यले. भाऊ तुहा गाडी घेऊन गावाले गेला. आता सांग, मी कोनाले बलावू?"