उलटी जुपलेली जोडी

आपांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या मानेवर जू होतं. मी नुकतीच लग्न होऊन आले होते, अंगावरची हळदसुद्धा गेली नव्हती. मागच्या दारी पाणी आणायला गेले, तर समोरच्या शेतात जुवाच्या एका बाजूला कोवळ्या शिंगांचा पाडा आणि दुसऱ्या बाजूला माझे चुलत सासरे! धोतर खोचलेलं, पाठ वाकलेली, पाड्याच्या पावलाला पाऊल लावत चाललेत. मला हसू आवरेना. ते तिथूनच ओरडले, "हसतंस काय गो? ह्येका कोणी शिकवूचा, तुझ्या बापाशीन?" सासरच्या माणसानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आमचं गाव कुडाळहून मालवणला जाणाऱ्या रस्त्यावरचं. गाईला पाडी झाली तर घरात आनंद, पाडा झाला की तोंडं वाकडी. दूध माणसांच्या चहाला जायचं आणि पाडा हाडं नि गोचिडी घेऊन उभा राहायचा. असले पाडे आपा घेऊन यायचे. गोचिडी काढून खोबरेल चोळायचे, पेज आणि शिजवलेले कुळीथ घालायचे. अंगावर मांस आलं की आधी नुसतं जू, मग जुवाला ओंडका, मग नांगर. सकाळच्या एस.टी.च्या वेळी पाड्याला रस्त्याच्या कडेला नेऊन उभं करायचे. गाडी भोंगा वाजवत निघून जाईपर्यंत त्याच्या गळ्याखाली खाजवत राहायचे, म्हणजे पुढे बाजाराच्या वाटेवर तो बुजणार नाही. जो पाडा फुकटातही कोणी नेत नव्हतं, त्याच्यासाठी दोन-तीन वर्षांनी कुडाळच्या बाजारात शेतकरी भांडायचे.

पाड्यांशी बोलताना आवाज लोण्यासारखा. माणसांशी बोलताना मात्र त्या तोंडाला कुलूप नव्हतं. एकदा एक दलाल कुंपणाशी येऊन अर्धवट शिकलेला पाडा मागायला लागला. आपांनी आधी त्याची अक्कल काढली आणि मग म्हणाले, "फुडे जावक कोणय शिकयता रे. फाटी सरूक शिकलो, काय मगे तो बैल झालो. ह्येका अजून फाटी सरूक येना नाय." मागे सरायला न शिकलेला तो पाडा न घेताच दलाल परतला. मला या माणसाचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो. राग येतो तो त्यामुळेच जास्त येतो.

त्यांची मुलगी शांताताई लवकर विधवा झाली. तिच्या सासरच्या गावची एक बांगडेवाली मासळीची पाटी घेऊन आमच्याकडे यायची, तिच्याकडून एकेक कळत गेलं. ज्याचं जोत, म्हणजे नांगर आणि बैल, शेतात फिरेल त्याचंच नाव जमिनीच्या कागदाला लागेल, असे ते दिवस. शांताताईच्या वाट्याच्या शेतावर दिराचा डोळा होता. त्याच्या धाकानं तिला गावात कोणी जोत देईना. या पावसाळ्यात शेत तिच्या जोतानं नांगरलं नाही, तर दीर आपलं घालणार, हे उघड होतं. आपांनी हे ऐकलं. गोठ्यातली सगळ्यात चांगली जोडी, बाळो आणि पवळो, त्या वर्षी त्यांनी बाजारात नेली नाही. ती शांतूची, एवढंच म्हणाले.

वैशाखात आपा तापानं अंथरुणाला खिळले. मुंबईहून मुलगा आला, दिगू. बापाला बघायला आला म्हणे! मुंबईत खोलीची पागडी भरायची होती त्याला. आपा ग्लानीत असताना यानं जोडी सोडली आणि कुडाळच्या बाजारात विकून मोकळा झाला. मी त्याला अंगणात गाठून विचारलं, लाज नाही वाटत? तर म्हणतो, लग्न करून दिलेल्या बहिणीला बैल कसले द्यायचे, वहिनी? आणि वाडीतले शहाणेसुरते माना डोलवतात, मुलगाच आहे, त्याचा हक्कच आहे. त्या माना धरून एकमेकांवर आपटाव्यात असं मला झालं होतं.

आठवडा गेला नसेल, विकत घेणारा शेतकरी बैल घेऊन दारात हजर. फसवलंत म्हणाला. नांगराला लावले की मध्येच बसतात, एक इकडे ओढतो, एक तिकडे. जनावरं परत घ्या, पैसे परत करा. बैलांच्या पाठीवर काठीचे वळ उठले होते, पवळ्याच्या कानामागून रक्त येत होतं. दिगूच्या पागडीचे पैसे अजून पेटीतच होते. वाडीतली माणसं जमली आणि दिगूचं तोंड उतरलं. देवानं ऐकलं, असं म्हणून मी बैलांना पाणी आणायला वळले.

तेवढ्यात आतून आपांचा आवाज आला, डावीकडे कोणाला जुपता? शेतकऱ्यानं सांगितलं, पवळ्याला. दिगूनंच बाजारात तसं दाखवलं होतं. डावा-उजवा मोजायचा तो नांगर धरणाऱ्याच्या बाजूनं, आणि हा मुंबईकर बैलांच्या तोंडासमोर उभा राहून बोट दाखवत होता! त्या शेतकऱ्यालाही एकदा बदलून बघावं असं सुचलं नाही. आपांच्या घरचा माणूस सांगतोय म्हणून यानं विश्वास ठेवला, आणि मग काठी घेतली.

आपा भिंतीला धरून दारापर्यंत आले. "उलटे जुपल्यात तुमी. बाळो डावीकडचो. बदलून जुपा, आणि ती काठी टाकून देवा." शेतकऱ्यानं तिथल्या तिथे जू चढवून पाहिलं. जोडी एका पावलानं चालली. तो हात जोडून, काठी आमच्याच अंगणात टाकून, बैल घेऊन निघून गेला.

मी पदर खोचला आणि आपांसमोर जाऊन उभी राहिले. सासऱ्यासमोर आवाज चढवू नये वगैरे सगळं त्या दिवशी चुलीत घातलं. तुम्ही गप्प राहिला असतात तर जोडी परत मिळाली असती, शेत वाचलं असतं, एवढं कळलं नाही तुम्हाला? ते दम खात म्हणाले, "गप रवलंय असतंय, तर दिगू पैसे देईपर्यंत तो त्यांका मारीत रवलो असतो. शांतू बोलता गो. तिका काय झाला तर ती माका सांगात. ह्यांनी कोणाक सांगूचा?"

मी म्हटलं, "शांताताईन कधी तोंड उघडल्यान, आपानू? एकदा तरी?"

भिंतीला धरत ते आत जाऊन आडवे झाले. त्यानंतर ते अंथरुणातून उठले नाहीत, आणि दुसरी जोडी तयार करायला वेळच उरला नाही. पाऊस पडला, दिराचं जोत शेतात गेलं. गणपतीनंतर आपा गेले.

बाराव्या-तेराव्याला जमलेली माणसं एकच गोष्ट बोलत होती, आपांना मुक्या जनावराचं मन कळायचं. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं आणि मी मागच्या पडवीत गेले. शांताताई तिथे भांडी घासत बसली होती. शेताचं विचारलं तेव्हा, दुसऱ्या कोणाचं सांगावं तशी ती म्हणाली की यंदा त्याच शेतात ती दिराकडे मजुरीनं भाताच्या लावणीला गेली होती.

हे आपांना का नाही सांगितलंस, मी जवळजवळ ओरडलेच.

तिनं घासलेला टोप पालथा घातला. "त्यांनी कधी इचारूक नाय," ती म्हणाली.