मावशीच्या हातावरचा पांढरा

रंगाच्या दुकानात मावशीचा हात हाच नमुना होता. गिऱ्हाईक भिंतीचा खपला घेऊन यायचं, मावशी थेंब थेंब रंग घालून घोटायची, आणि जुळला की नाही ते डाव्या हाताच्या पालथ्या बाजूवर फराटा ओढून ठरवायची. कागदावर रंग खोटं बोलतो, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की हात पुन्हा कोरा.

त्यामुळे मनगटापाशी पहिला पांढरा ठिपका दिसला, तेव्हा तिने तो ऑइलपेंट समजून घासला. आठवडाभर घासला. कातडी लाल झाली, पण ठिपका भाड्याने राहायला आल्यासारखा ठाण मांडून बसला आणि हळूहळू त्याने बिऱ्हाडही वाढवलं. शेवटी मालक चष्मा वर करून म्हणाले, "मावशी, हा आपल्या दुकानातला नाही."

कोड होतं ते. घरी जावेने निकाल द्यायला वेळ लावला नाही. मावशीला ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली आणि त्यानंतर डाग आले, म्हणजे चोर गोळीच. साक्षीला मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होताच. जावेने इतकं डोकं खाल्लं की मावशीने गोळी गुपचूप बंद केली. डाग जागचे हलले नाहीत. उलट एका दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की डबे दोनाचे चार दिसले, आणि फिकट निळ्यात काळ्याचा थेंब पडायचा तिथे धार पडली. गिऱ्हाइकाचं आभाळ ऐन डब्यात भरून आलं.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि आधी तिला चांगलं फैलावर घेतलं. मग समजावलं, की ब्लडप्रेशरच्या काही औषधांचा आणि कोडाचा संबंध असू शकतो अशी शंका आहे, पण तुमचे डाग गोळीनेच आले असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. एकामागून एक आलं म्हणजे एकामुळे दुसरं आलं, असं नसतं. डाग त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, गोळी मी बदलून बघते, पण मनाने बंद करायची नाही. "डाग दिसतो म्हणून त्याला घाबरता," त्या म्हणाल्या, "जीव घेईल ते दिसत नाही."

गोळी बदलली. दाब उतरला, डाग राहिले. मावशी आता रोज सकाळी जावेसमोर उभी राहून, तिच्या डोळ्यांत डोळे घालून गोळी गिळायची. जाऊ भिंतीकडे बघायची.

मालक माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता. एका बाईने मावशीच्या हातून डबा न घेता "तिथेच ठेवा" म्हटलेलं त्यांनी पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी हातमोजे आणले. हे घाला, नाहीतर मागे गोदामात बसा, पगार तोच. वर 'तुमच्याच भल्यासाठी' हे शेपूट. गोदामात डबे पुसण्यापासून काउंटरपर्यंत यायला मावशीचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिने हातमोजे घेतले आणि रंग ढवळायच्या दांड्यांवर टोप्यांसारखे चढवले.

"हात झाकल्यावर फराटा कुठे ओढू? तुमच्या गालावर?"

मालक हिशेबात डोकं खुपसून बसले, पण कान काउंटरवरच होते. तेवढ्यात 'तिथेच ठेवा' म्हणणारी तीच बाई आली, खपला घेऊन. मावशीने हात मुद्दाम दिव्याखाली पसरला. बाई एक पाऊल मागे सरकली.

"लागत नाही ते," मावशी म्हणाली. "लागत असतं तर आधी मालकांना लागलं असतं. दिवसभर माझ्या हातचा चहा ढोसतात."

तिने रंग घोटला आणि लांब फराटा ओढला, अर्धा सावळ्या कातडीवर, अर्धा पांढऱ्या डागावर. खोलीत ऊन येतं का, विचारलं. भरपूर येतं, बाई म्हणाली. "मग हा पांढऱ्यावरचा बघा. उन्हात असाच दिसेल." बाईने खपला शेजारी धरला, वाकली, आणखी वाकली, आणि बघण्याच्या नादात तिचं बोट डागावर टेकलं.

"हाच," ती म्हणाली. मग बोटाला लागलेल्या ओल्या रंगाकडे बघत राहिली.

मावशीने टर्पेंटाइनचा बोळा पुढे केला. "घ्या. तुमचा निघेल." आणि मान न वळवता म्हणाली, "मालक, डबा भरायला घ्या. मी इथेच आहे."