प्रमाणपत्रावरचं नाव

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता" अशीच सुरुवात करतो आणि मी ते वाचून हसत आले आहे. आज माझी पाळी आहे. तुम्ही हसा.

धाराशिवला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. "मॅडम, पीसीला कुणाची तरी नजर लागली" म्हणत लोक येतात, आणि उघडून बघावं तर आत पालीनं संसार मांडलेला असतो. माझ्या धंद्यात भूत म्हणजे सैल झालेली वायर किंवा न वाचता बटणं दाबणारा माणूस. तिसरं भूत मी पाहिलं नव्हतं... भूम तालुक्यातल्या त्या शाळेत जाईपर्यंत.

आधी थोडं तांत्रिक सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मेलचं सॉफ्टवेअर असतं. तुमची मेल ज्या सर्व्हरमधून जाते, तो आधी आपलं प्रमाणपत्र दाखवतो — हा मीच, आणि माझी खात्री देणारा वर अमुक आहे. त्यावरचं नाव जुळलं नाही, मुदत संपलेली असली, किंवा वर खात्री देणारं कुणी नसलं, की सॉफ्टवेअर अडून बसतं. एक चौकट येते. प्रमाणपत्रात अडचण आहे, तरी पुढे जायचं का? खाली दोन बटणं, होय आणि नाही. बहुतेक जण न वाचता होय दाबतात आणि कामाला लागतात. मग कधीतरी मी जाऊन खरं कारण शोधते. कॉम्प्युटरची तारीख चुकलेली असते, सर्व्हरचं नाव चुकीचं टाकलेलं असतं, नाहीतर अँटिव्हायरस मध्ये नाक खुपसत असतो. कारण सापडतंच. आजवर सापडत आलं होतं.

आता ताईबद्दल.

माझी मोठी बहीण सुमन. वडील दत्तात्रय मगर, म्हणून सुमन दत्तात्रय मगर. बीएड झाली, आणि लगेच लग्न. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि नवरदेवानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं — वैशाली. आडनाव तर बदललंच, हाक मारायचं नावही गेलं. सुमन नाव फक्त आमच्या घरात आणि तिच्या प्रमाणपत्रावर उरलं. तेही धड नाही. विद्यापीठातल्या कुणीतरी वडलांचं नाव इंग्रजीत लिहिताना दत्तात्रयमधला शेवटचा ए खाल्ला होता. "बाबा अर्धे राहिले," असं म्हणून ताई हसायची.

ईटच्या रस्त्याला एक गाव आहे, नाव मुद्दाम गाळते. तिथल्या शाळेत ताई शिकवायला लागली. वैशाली मॅडम. वर्षानुवर्षं शिकवलं, मुलांनी जीव लावला. शेवटी जागा मंजूर झाली, पक्कं व्हायचं म्हणून तिचा प्रस्ताव संस्थेकडून वर पाठवायचा होता. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणतात. आप्पांनी तिचं प्रमाणपत्र डोळ्यांपासून लांब धरून बघितलं आणि म्हणाले, "ह्येच्यावरचं नाव जुळत न्हाय बाई. वैशाली कुठंय ह्यात?"

ताईनं राजपत्रात नाव छापून आणलं. आप्पा म्हणाले, आता बापाचं नाव जुळत न्हाय. तिनं प्रतिज्ञापत्र केलं. मग म्हणाले, बघू, मला काय एकच काम हाय का. तोवर आप्पांच्या भाचेसुनेचा बीएडचा निकाल लागला. तिचं नाव सगळीकडे जुळलं. जागा तिला मिळाली. ताईला सांगितलं, यायचं तर तशीच येत राहा. पुढच्या उन्हाळ्यात ताई काविळीनं गेली. कावीळ हे निमित्त, असं मी म्हणते. डॉक्टर तसं म्हणत नाहीत.

जिल्ह्याचं नाव बदललं, तरी जुन्या नावाचे कागद आजही सगळीकडे निमूट चालतात. अख्ख्या जिल्ह्याला जे जमलं ते माझ्या बहिणीला जमलं नाही.

म्हणून त्या शाळेची पायरी मी चढणार नव्हते. पण रशीदभाईंचा फोन आला. हे तिथले हेडक्लार्क. ताईच्या कागदांसाठी तिच्याबरोबर चकरा मारलेला तिथला एकटा माणूस. "बेटा, आठवडा झाला, मेल जाईना झालीय. ती चौकट येतीय, व्हय दाबलं की परत येतीय. उद्या एक प्रस्ताव जायाच पायजे, आखरी दिवस हाय. माज्यासाठी येऊन जा."

कुणाचा प्रस्ताव, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. ईटला ते मोटरसायकल घेऊन उभेच होते.

ऑफिस म्हणजे पत्र्याची लांब खोली. दाराजवळ रशीदभाईंचं टेबल आणि कॉम्प्युटर, आतल्या बाजूला आप्पांची खुर्ची, तिच्या पाठीवर टॉवेल. टेबलावर पेढ्यांचा खोका होता. खव्याचा वास खोलीभर पसरला होता.

"कशाचे पेढे?" मी विचारलं.

रशीदभाईंनी मान खाली घातली. "आप्पाची भाचेसून मुख्याध्यापिका हुतीय. तिचाच प्रस्ताव हाय बेटा. फोनवर सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

खरंच आले नसते. उठून जावंसं वाटलं. पण मेल गेली नसती तर आप्पांनी रशीदभाईंना फाडून खाल्लं असतं, आणि त्यांची निवृत्ती तोंडावर आलेली. दातओठ खात बसले.

तारीख बघितली, बरोबर होती. मग सर्व्हरचं नाव बघितलं आणि माझं मलाच हसू आलं. संस्थेनं मेलच्या पत्त्यातलं उस्मानाबाद काढून धाराशिव केलं होतं, पण सेटिंगमध्ये एका जागी जुनंच राहिलं होतं. म्हटलं, सापडलं कारण. ते दुरुस्त केलं, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं.

चौकट आली. नाव जुळत नाही. पुढे जायचं का?

अँटिव्हायरस तपासला, तो मेलकडे बघतही नव्हता. ज्या सोलापूरच्या माणसाकडे संस्थेचा सर्व्हर आहे, त्याला फोन लावला. तो म्हणाला, आमचं प्रमाणपत्र एकदम ओके आहे, तुमच्याशिवाय कुणाची तक्रार नाही. माझ्या मोबाइलवर तीच मेल उघडून बघितली, काही अडचण नाही. अडत होतं ते फक्त या कॉम्प्युटरवर. मी होय दाबलं. चौकट गेली आणि लगेच परत आली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मग मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. प्रमाणपत्र उघडून बघितलं.

त्यात कुणाला दिलं, कुणी दिलं आणि मुदत काय, हे लिहिलेलं असतं. 'कुणाला दिलं'पुढे सर्व्हरचं नाव हवं होतं. तिथं इंग्रजीत सुमन दत्तात्रय मगर असं होतं, आणि दत्तात्रयमधला शेवटचा ए नव्हता.

मी ते बंद करून पुन्हा उघडलं, नाव तसंच होतं. 'कुणी दिलं'पुढेही तेच नाव होतं, त्याच चुकीसकट. असं असतं कधीकधी. वर खात्री देणारं कुणी नसलं की सर्व्हर स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो. म्हणूनच सॉफ्टवेअर त्याला मानत नाही. आणि मुदत संपण्याची तारीख... ती जागा रिकामी होती. असं प्रमाणपत्र बनतच नाही. तारीख टाकल्याशिवाय ते तयारच होत नाही, हे या धंद्यातला कुणीही सांगेल.

"रशीदभाई," मी म्हटलं, "हे कुणी केलं?"

त्यांनी चष्मा चढवून वाचलं. एकेक अक्षर बोटानं वाचलं. "या अल्ला. ह्ये तर आपल्या मॅडमच्या प्रमाणपत्रावरचं हाय. ए राहिलेलं." त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. "बेटा, ह्ये नाव इथं कुणाला म्हाईत? सगळे वैशाली म्हणायचे. कागद बघितलेला म्या आन् आप्पानं, बस."

तेवढ्यात आप्पा आले. वय झालंय, पण आवाज तसाच. "काय मॅडम, झालं का न्हाय? पोरगी तकडं देव पाण्यात घालून बसलीय."

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "झालं नाही आप्पा. प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही."

ते वाक्य त्यांच्याच तोंडचं होतं. मला वाटलं, आता तरी हा माणूस चपापेल. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही.

"आन् मग करायचं काय?"

"ते विचारतंय, या नावावर विश्वास ठेवायचा का. होय की नाही."

"मग व्हय म्हणा की."

"मी म्हटलं. माझं ऐकत नाही. तुम्ही म्हणून बघा."

हे मी का म्हटलं, मला आजही सांगता येणार नाही. कॉम्प्युटरला बटण कुणी दाबलं यानं काही फरक पडत नाही, हे मला कळत नाही का? पण तोंडातून निघून गेलं. आप्पा वैतागत पुढं आले, माउसवर हात ठेवला. चष्मा खिशातच होता.

"आप्पा, नाव तरी वाचा," मी म्हटलं.

"नाव काय का असंना," आप्पा म्हणाले, "मशीन आपलंच हाय न्हवं? एवढ्याशा नावासाठी कुणी काम आडवून धरतं व्हय?"

आणि त्यांनी होय दाबलं.

चौकट गेली. परत आली नाही. मेल गेली. भाचेसुनेचा प्रस्ताव, सगळ्या जोडपत्रांसकट, डोळ्यादेखत निघून गेला. रशीदभाई तोंडावर रुमाल धरून बसले होते.

आप्पा खुशीत आले. पेढा पुढं केला. "घ्या मॅडम. शिकलेल्या दिसता. कुणाच्या तुमी?"

"दत्तात्रय मगरांची धाकटी. सुमनची बहीण."

"कोण सुमन?" आप्पा म्हणाले. आणि खरंच, त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. नाटक असतं तर मला राग तरी आला असता.

"वैशाली मॅडम," रशीदभाई रुमालाआडून म्हणाले.

"हां हां... ती व्हय. गुणाची बाई व्हती." पेढा माझ्या हातात देऊन ते निघून गेले.

पेढा मी टेबलावर ठेवला. निघण्याआधी कॉम्प्युटरमधली विश्वासाच्या प्रमाणपत्रांची यादी उघडली. नुसतं होय दाबल्यानं तिथं काही जात नाही, त्यासाठी ते वेगळं बसवावं लागतं, आणि ते आमच्यापैकी कुणी केलेलं नव्हतं. तरी मोठमोठ्या कंपन्यांच्या नावांमध्ये तिचं नाव होतं. अर्ध्या बाबांसकट. मुदतीची जागा अजून रिकामी.

ओळखीतल्या जाणकारांना विचारून झालंय. एकजण म्हणाला, कुणीतरी मुद्दाम बसवलं असेल. कुणी? रशीदभाईंना मेलला फाइल जोडायची म्हणजे घाम फुटतो, आणि आप्पांना तिचं नावसुद्धा आठवत नाही. दुसरा म्हणाला, सर्व्हरची गडबड असेल. सर्व्हरला काय ठाऊक, विद्यापीठानं कुठलं अक्षर खाल्लं होतं? आणि आमच्या होयनं न हटलेली चौकट एकाच माणसाच्या होयनं कशी हटली, यावर सगळेच विषय बदलतात.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आलीच होतीस ना गं ताई? आठवडाभर अडवून धरलं होतंस ना? मग शेवटच्या दिवशी ती मेल का जाऊ दिलीस? तुझ्या जागेवरची बाई आज मुख्याध्यापिका आहे. खूप रडले यावर, आईशी भांडलेसुद्धा. आई एवढंच म्हणाली, "सुमीला कुणाचं आडवता यायचं न्हाय गं. ते आप्पाला यायचं."

तिला तिच्या नावाला आप्पांच्या हातचं एक होय हवं होतं. ते त्यांनी दिलं, चष्मा न लावता.