फाळक्याखालची जागा

मेहबूब शेख कलिंगडं झेलतो. मार्केट यार्डात ट्रक लागला की मागचा फाळका उघडतो. एक जण वर हौद्यात उभा राहून कलिंगड खाली टाकतो. फाळक्याखालचा माणूस ते झेलतो आणि त्याच वेगात मागच्याकडे देतो, मागचा त्याच्या मागच्याकडे. रांग गाळ्यातल्या ढिगापर्यंत जाते. फाळक्याखालची जागा मेहबूबची. ती त्याला कुणी दिली नव्हती. त्याचे हात चुकत नव्हते म्हणून ती त्याच्याकडे राहिली होती, दाढी पांढरी झाली तरी.

संक्रांतीनंतर एका पहाटे गाळ्यावरून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने मान वळवली. तेवढ्यात वर शंभूच्या हातून कलिंगड सुटलं होतं. ते कानशिलावर बसलं आणि मेहबूब ट्रकच्या चाकावर आपटला. रक्त आलं नाही, म्हणून लोकांना हायसं वाटलं. पण तो उठून बसला आणि शंभूला विचारायला लागला, "गाडी कुठली रे?" शंभूने सांगितलं, "नगरची." थोड्या वेळाने पुन्हा, "गाडी कुठली रे?" तेव्हा शंभू रडायला लागला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूला हादरा बसलाय. अंधारात पडून राहा. आणि डोक्याला पुन्हा काही लागू देऊ नका. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो पहिल्यासारखा नसेल.

"म्हणजे कसा असेल?" मेहबूबने विचारलं.

"तो बसूच द्यायचा नाही."

घोरपडे पेठेतल्या दोन खोल्यांत मेहबूब पडून राहिला. आधी उजेड टोचायचा, कुकरची शिट्टी कवटीत शिरायची. हळूहळू ते सगळं गेलं. भीती राहिली, पाहुणे गेल्यावर अंथरूण पसरलेलं राहतं तशी. दाराची चौकट त्याच्या डोक्यापेक्षा वीतभर उंच होती, तरी तो वाकून आत यायचा. फळीवरचा मोठा टोप त्याने खाली काढायला लावला.

"आता पंखाही उतरवून घ्या," त्याची बायको कमरजहां म्हणाली. "तुमचं डोकं शाबूत राहील. आम्ही मरू घामाने."

शेवटी डॉक्टरीणबाईंनी कामाला परवानगी दिली. रमजान तोंडावर आला होता आणि यार्डात कलिंगडांच्या गाड्यांची रीघ लागली होती. त्या संध्याकाळी कमरजहांने टोपलीतला बटाटा उचलला आणि काही न सांगता त्याच्याकडे फेकला. त्याने झेलला.

"डोळे मिटलेत तुम्ही."

"झेलला ना?"

तिने दुसरा फेकला. तोही त्याच्या हातात आला आणि तेव्हाही पापण्या आपोआप मिटल्या होत्या.

"हातांना माहितीये," तो म्हणाला.

"मग डोक्याला विचारा त्याला काय माहितीये ते." तिने दोन्ही बटाटे परत घेतले आणि चिरायला बसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो यार्डात गेला. टोळीचा मुकादम साईनाथ म्हणाला, "चाचा, थोडे दिवस ढिगापाशी बसा. फुटका माल बाजूला काढा."

"फुटका मी आहे का माल?"

सगळे हसले. त्याच्या जागेवर उभा असलेला समाधान एक पाऊल मागे सरकला. "या चाचा. जागा गरम ठेवलीये."

मेहबूब फाळक्याखाली उभा राहिला. वर मालाखालच्या उसाच्या पाचटात पाय रोवून शंभू उभा. यार्डात मोजणी एकपासून सुरू करत नाहीत, पहिल्या नगाला लाभ म्हणतात. "लाभ!" शंभू ओरडला आणि कलिंगड सोडलं.

मेहबूबचे डोळे मिटले. तळव्यांवर थंड, जड वजन आलं. त्याने ते मागे दिलं. "दोन!" पुन्हा अंधार, पुन्हा वजन. मागच्यांना त्याची फक्त पाठ दिसत होती आणि ती बरोबर वळत होती. "तीन!" तेही आलं.

चौथं आलं नाही.

हात पुढे करून, डोळे मिटून तो उभा होता. पापण्यांआड त्याने ते कलिंगड येताना पाहिलं, कानशिलाच्या दिशेने, पुन्हा पुन्हा. न आलेल्या कलिंगडाइतकं जड दुसरं काही नसतं.

"चाचा," वरून शंभूचा आवाज आला. "डोळे उघडा."

"टाक तू."

"आधी उघडा."

रांग थांबली. चालू माल मध्येच थांबवणं या टोळीत कुणाला माहीत नव्हतं. मागून साईनाथ ओरडला, "काय मुहूर्त बघताय काय रे?"

मेहबूबने डोळे उघडले. वर शंभू कलिंगड पोटाशी धरून उभा होता. त्याने हात नुसते हलवून बघितले, तेवढ्याने मेहबूबच्या पापण्या पुन्हा खाली आल्या.

"नाही राहत उघडे," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू गेलं.

कुणी हसलं नाही. शंभूने कलिंगड पाचटात ठेवलं आणि खाली उडी मारली. "मग वर जा तुम्ही. मी झेलतो."

"वरून पडलो तर?"

"मी खालीच आहे. माझ्यावर पडा, फिटूनच जाईल एकदाचं."

मेहबूबने चाकावर पाय ठेवला. समाधानने मागून कमरेला धरलं. हौद्याची फळी पकडताना क्षणभर सगळं यार्ड एका बाजूला कललं आणि परत सरळ झालं. तो वर उभा राहिला. इतकी वर्षं या ट्रकांनी त्याला फक्त तोंड वर करायला लावलं होतं. आता खाली शंभूचं डोकं होतं. कुरळे केस, मधोमध एक भोवरा. एवढाच असतो वरून माणूस.

त्याने कलिंगड उचललं, हात मागे नेले, आणि तोंडातून शब्द निघणार तेवढ्यात गाळ्यावरून कुणीतरी हाक मारली, "शंभू, चहा!" शंभूने मान वळवली.

हात सुटायलाच निघाले होते. मेहबूबने कलिंगड छातीवर ओढून घेतलं आणि त्या ओढीने तो मागे हौद्यातल्या ढिगावर बसला. बरगडीला लागलं. डोकं कुठेच आपटलं नाही. त्याने हात लावून दोनदा पाहिलं.

"चाचा?" खालून शंभू. चेहरा उतरला होता. काय होता होता राहिलं, ते त्याला कळलं होतं.

मेहबूब उठला. त्याने पाय पाचटात रोवले.

"चहा नंतर," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ."

शंभूने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तेच होतं, जे मेहबूब गेले कित्येक दिवस आपल्या पापण्यांआड ठेवून होता.

"लाभ," मेहबूब हळूच म्हणाला. त्याने कलिंगड सोडलं, आणि ते शंभूच्या हातांत पोचेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिला.