मामंजींचा डावा अंगठा

बोरीच्या चावडीत मी एका सरकारी माणसाच्या थोबाडावर पायताण हाणलंय. त्याचं मला आजही तिळभर वाईट वाटत नाही. हाणलं ते कमीच हाणलं.

लढाईचं साल होतं. रानातली जवारी सक्तीच्या लेव्हीत निजाम सरकारच्या गोदामात गेली आणि पिकवणारे आम्ही कंट्रोलच्या धान्यावर आलो. धान्य न्यायला आलेला माणूस कोण, हे पाटलानं सांगायचं, अशी रीत होती. पाटलाच्या कृपेनं मेलेली माणसंसुद्धा पोती उचलून न्यायला लागली! लय ओरड झाली तसा तहसिलीतून गिरदावर, म्हणजे तपासणीचा साहेब, आला. म्हणाला, पाटलाची साक्ष बंद. आता ज्याच्या त्याच्या अंगावरची खूण लिहून घेणार, खूण जुळली तरच धान्य.

गड्यांचं काय, सदरा वर केला की झालं. कुणाला बैलानं मारलेलं, कुणाला विळा लागलेला. मग बायांची पाळी आली. आमचे मालक पूर्णेला रेल्वेत हमालीला गेलेले, म्हणून मी सासऱ्यांबरोबर, मामंजींबरोबर आले होते. दिवस भरत आलेले. गिरदावराबरोबरचा जमादार आमच्याच गावचा, माझ्या लग्नात जेवून गेलेला. त्या मेल्यानं काठीच्या टोकानं माझा पदर उचलला आणि म्हणाला, "तीळबीळ कुठं हाय ते दाव."

पुढचं मला धड आठवत नाही. पायताण माझ्या हातात होतं आणि त्याचा ओठ फाटला होता. त्यानं काठी उगारली. मामंजी मधी पडले. पहिला तडाखा त्यांच्या पाठीवर बसला, दुसरा कानावर. कानातनं रक्ताची धार लागली तरी ते गिरदावरापुढं हात जोडून उभे.

"साहेब, लेकीसुनांच्या अंगाला हात कशाला? अंगठा घ्या की. एकाचा अंगठा दुसऱ्याला जुळत न्हाई म्हणत्यात. अन् त्याला लुगडं सोडावं लागत न्हाई."

गिरदावराला पटलं. शाईची गादी मागवली. बायांनी सुटकेचा श्वास सोडला. मला तर मामंजींचा असा अभिमान वाटला की काय सांगू!

पहिलं त्यांनाच बोलावलं. त्यांनी उजवा हात पुढं केला.

"गड्याचा डावा, बाईचा उजवा," गिरदावर म्हणाला. "कायदा हाय."

मामंजींनी डावा हात पाठीमागं घेतला. आम्ही लिंगायत. रोज अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, त्याशिवाय तोंडात घास नाही. मामंजी तर त्या हातानं आसूडसुद्धा धरत नसत. जन्मात त्यांनी कुठं अंगठा उठवलेला नव्हता. सगळं काम उजव्या हातानं, तेव्हा अंगठा म्हणजे उजवाच, असं धरून चालले होते बिचारे.

"साहेब, हा देवाचा हात हाय. उजवा घ्या, पायाचे घ्या. ह्यो न्हाई द्यायचो."

"मग धान्य न्हाई."

"नको."

ते वळले. पण फाटक्या ओठाचा जमादार वाटच बघत होता. "थेरड्या, तूच म्हणलास ना अंगठा घ्या म्हणून?" त्यानं त्यांना मानेला धरून खाली पाडलं. चौघांनी दाबून धरलं. मामंजींनी मूठ आवळली. मूठ उघडेना म्हणून जमादारानं ती चावडीच्या पायरीवर ठेवली आणि वर बुटाची टाच मारली. पुन्हा मारली. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मी एकाच्या दंडाला चावले, दुसऱ्यानं मला केसाला धरून फरफटत मागं ओढलं. कुणी गावकरी हलला नाही. मोडलेल्या हाताचा अंगठा त्या चौघांनी शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. शाईत रक्त मिसळलेलं. गिरदावरानं बघितलं आणि म्हणाला, "चालंल."

आणि धान्य दिलं हो! त्यांच्या तोंडावर फेकावं असं वाटत होतं. पण पोट पुढं आलेलं. मी माझा अंगठा उठवला आणि पोतं डोक्यावर घेतलं.

घरी येऊन मामंजींनी तो हात राखेनं घासला, चिंचेनं घासला. नखाखालचा काळा डाग काही जाईना. त्यांनी त्या हातावर लिंग घेतलं नाही. पूजा नाही, म्हणून जेवणही नाही.

"मामंजी, शाई हाय ती, पाप न्हाई! हट्ट सोडा!" मी ओरडले.

"तू खा, पोरी. लेकरासाठी खा. तुझ्यावर माझा राग न्हाई." आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

हात कोपरापर्यंत हिरवा पडला, ताप चढला. मी त्याच जवारीच्या भाकरी थापत होते आणि खात होते. रडत खाल्ल्या, पण पोटभर खाल्ल्या. ते पोतं संपायच्या आत मामंजी गेले.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून. मामंजींना ओसरीवर बसवलं. मालक पूर्णेहून अजून पोचले नव्हते. विधीला आलेल्या स्वामींनी तो काळा, सुजलेला हात बघितला आणि थांबले.

"डावा विटाळलाय," ते हळूच म्हणाले. "उजव्यावर ठेवू का?"

जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. माझ्या अंगाची आग झाली.

"स्वामी, त्यांनी अंगठा दिला न्हाई! हात मोडून जबरीनं घेतलाय! डाव्यावरच ठेवा."

स्वामी जागचे हलेनात. मी मामंजींच्या पुढ्यात बसले आणि तो हात मांडीवर घेतला. जाताना त्यांनी मूठ आवळली होती. मोडलेली बोटं कशी वळली असतील, देव जाणे. मी एकेक बोट सोडवलं, तळहात उघडा केला आणि स्वामींच्या पुढं तसाच धरून बसले. लिंग त्यावर ठेवीपर्यंत मी हात खाली केला नाही.